सासूबाईंची सावली आणि साठ सेंटिमीटरचा पाया

रविवारी सकाळी घर अगदी गप्प असताना आतल्या खोलीत कपाटाचं दार करकरलं, आणि इस्क्राच्या हातातला कॉफीचा कप बशीवर आपटला.

हे करकरणं साधं नव्हतं. त्या घरात दोन कपाटं होती. एक रोजच्या उघडझापीचं, बिचारं निमूटपणे उघडायचं. दुसरं अक्रोडाच्या लाकडाचं, सासूबाईंच्या, म्हणजे त्रेंदाफिलाबाईंच्या, लग्नात माहेराहून आलेलं. ते एक तर कुणाच्या लग्नाला उघडायचं, नाही तर कुणाच्या मयताला. गावात सध्या कुणाचं लग्न ठरलेलं इस्क्राच्या कानावर नव्हतं. तिने मनातल्या मनात गल्लीतल्या आजारी माणसांची भराभर हजेरी घेतली, दोन नावांपाशी अडखळली, आणि आत गेली.

पलंगावर काळा झगा पसरलेला होता. शेजारी काळा रुमाल, कोरे मोजे आणि तळव्याला धूळही न लागलेले बूट. सासूबाई खिडकीच्या उजेडात मोजा धरून उभ्या होत्या.

"आई, कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," त्रेंदाफिलाबाई म्हणाल्या. "मी जाणार आहे. हा मोजा बघ गं, भोक आहे का कुठे. मला दिसत नाही, पण शेजारच्या गेत्सोच्या बायकोला बरोब्बर दिसेल."

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का? छातीत दुखतंय?"

"काही दुखत नाही. काल मोजलं ना मला."

इस्क्रा मटकन पलंगावर बसली, ती नेमकी काळ्या झग्यावर. सासूबाईंनी तिला उठवून झगा सारखा केला.

काल झालं होतं ते एवढंच. त्या दोन खोल्यांच्या घरात इस्क्रा, तिचा नवरा डोब्री, पाच वर्षांची बिलियाना आणि सासूबाई असे चौघं राहात. डोब्री मालाचा ट्रक घेऊन जर्मनीच्या वाऱ्या करायचा, त्यामुळे खरं तर तिघीच. पण तो घरी यायचा तेव्हा दोघांची जागा अडवायचा, म्हणून हिशेब चौघांचाच धरावा लागे. मागच्या अंगणात नवं घर बांधायचं ठरलं. स्लावी मिस्त्रीने खांबांच्या फुटिंगसाठी, म्हणजे खांबाखालच्या काँक्रीटच्या बैठकीसाठी, नऊ खड्डे खणले. आठ खड्डे नकाशाबरहुकूम खोल गेले. नववा, कोपऱ्यातला, खणायला घेतला त्या दिवशी मिस्त्रीच्या पुतण्याच्या बाप्तिस्म्याची मेजवानी होती, आणि मेंढा भाजला जात असल्याचा वास वाऱ्यावर यायला लागल्यावर खड्डा आहे तेवढा पुरे, असं त्याच्या अनुभवी मनाने ठरवलं.

काल इंजिनिअर तपासायला आला. त्याचं नाव यावोर. प्लोवदिव शहराच्या कचेरीने पाठवलेला हा मुलगा नुकताच पदवी घेऊन बाहेर पडला होता; त्याची मिशीसुद्धा अजून मंजुरीच्या वाटेवर होती. त्याची सही झाल्याशिवाय खड्ड्यात काँक्रीटचा थेंब पडणार नव्हता. सकाळचा गारवा होता. सासूबाई शाल गुंडाळून कुडकुडत होत्या, म्हणून इस्क्रानेच त्यांना म्हटलं, "आई, त्या कोपऱ्यात जरा उन्हात उभ्या राहा." त्या उभ्या राहिल्या, उन्हाकडे पाठ करून, खड्ड्याच्या काठावर. त्यांची सावली खड्ड्यात पडली. पाय अलीकडच्या काठाला, रुमाल बांधलेलं डोकं पलीकडच्या काठाला. शिंप्याने माप घेऊन बेतावी तशी बसली. तेवढ्यात यावोर आला, त्याने टेपचं टोक सावलीच्या पायाशी अडकवलं, टेप डोक्यापर्यंत खेचला आणि मोठ्याने म्हणाला, "एकशे साठ. अगदी बरोबर."

मग त्याने खोली मोजली, ती चाळीस भरली, साठ हवी होती, मिस्त्रीची आणि त्याची जुंपली. पण त्रेंदाफिलाबाईंनी ते पुढचं ऐकलंच नाही. त्या एकशे साठपाशीच थांबल्या होत्या. त्यांची उंचीही तेवढीच होती.

आता या भागात जुने मिस्त्री काय करायचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पूल टिकत नसला, भिंत उभी राहात नसली, की ते जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाची सावली गुपचूप सुतळीने मोजायचे आणि ती सुतळी पायात चिणायचे. भिंत पिढ्यान्‌पिढ्या हलत नसे. माणूस मात्र बर्फ पडायच्या आत जायचा, आणि मेल्यावरही त्या भिंतीची राखण करत तिथेच राहायचा. 'बांधकामापाशी घुटमळू नका' असं प्रत्येक आई आपल्या पोरांना सांगे. इस्क्राच्या आईनेही तिला सांगितलं होतं. पण इस्क्राच्या आईने कलिंगडाची बी गिळली की पोटात वेल उगवतो असंही सांगितलं होतं, आणि इस्क्रा आता गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती. सहावीचा 'प्रकाश आणि सावली' हा धडा तिने इतक्या वेळा शिकवला होता की झोपेतसुद्धा ती फळ्यावर किरण काढत असेल.

म्हणून तिने सासूबाईंना समोर बसवलं आणि तो धडा पहिल्यापासून शिकवला. दिव्याने, वाटीने आणि भिंतीने.

"सावली म्हणजे काही वस्तू नसते, आई. सावली म्हणजे काहीच नसतं. तिथे फक्त उजेड पोचत नाही, एवढंच. काहीच नाही ते कसं पुरणार?"

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. सहावीच्या वर्गात एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

"छान शिकवतेस हं तू," त्या म्हणाल्या. "तुला पगार उगाच नाही देत. आता तो बूट दे इकडे, घालून बघते. पाय सुजलेत हल्ली."

इस्क्राने डोब्रीला फोन लावला. तो ऑस्ट्रियात कुठल्याशा घाटात होता.

"दे, आईला दे फोन, मी समजावतो," तो पुरुषी आवाजात म्हणाला.

"डोब्री, सोन्या," त्रेंदाफिलाबाई फोनवर म्हणाल्या, "घाईघाईने गाडी हाणत येऊ नकोस. वळणं वाईट असतात. मी थांबते तुझ्यासाठी."

फोन परत इस्क्राच्या हातात आला तेव्हा डोब्री हुंदके देत होता. नाक पुसून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, काँक्रीटची तारीख पुढे ढकलता येईल का? येणार नव्हती. मिक्सरची गाडी लांबच्या गावाहून यायची, तिची पाळी मुश्किलीने मिळाली होती, आणि ही पाळी गेली की थंडी. एकदा जमीन गोठली की पाया वसंतापर्यंत राहिला.

घर वसंतापर्यंत थांबलं असतं. इस्क्रा घाबरली ती दुसऱ्याच गोष्टीने: सासूबाईंनी जेवण सोडलं.

आरडाओरडा नाही, रुसवा नाही. घेवड्याचं सूप त्यांनी वाटीसकट बाजूला सरकवलं. "रिकाम्या पोटी गेलेलं बरं. उचलणाऱ्यांना हलकं जातं." सकाळ-संध्याकाळ फक्त लिंडनच्या फुलांचा चहा. ही तीच बाई, जी कालपरवापर्यंत सुनेच्या ताटातली मिरची उचलून 'तुला पचत नाही' म्हणून खायची. दोन दिवसांत गालांची हाडं दिसायला लागली. गावातला डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, "नाडी घोड्यासारखी आहे. पण बाई जर ठरवूनच बसली असेल, तर नाडीचं कोण ऐकतं?" आणि त्याने जाता जाता खड्डा बघायला मागितला.

तयारी मात्र जोरात चालली होती. गावात कुणी गेलं की दारावर, फाटकावर, बसथांब्यावर फोटो छापलेला कागद चिकटवतात. त्या कागदासाठी त्रेंदाफिलाबाईंनी स्वतःच फोटो निवडायला घेतला.

"हा नको, यात मी वैतागलेली दिसते."

"आई, यात तुम्ही माझ्या लग्नात आहात."

"तेच म्हणते मी."

शेवटी त्यांनी सहकारी शेतीच्या दिवसांतला एक फोटो काढला, त्यात त्या पंचविशीच्या होत्या आणि हातात दोन कोबी होते. कोबी कापून टाकायचे, पण हात ठेवायचे, अशी सूचना होती. मग त्यांनी मयताला वाटायचा साखरेतला उकडलेला गहू नमुन्यादाखल शिजवला आणि इस्क्राला चाखायला दिला. "नंतर तुम्ही कच्चा ठेवाल, आणि लोक मला नावं ठेवतील. साखर बरी आहे ना?" इस्क्राने घास गिळला. साखर बरी होती. तिने बाहेर जाऊन अंगणातल्या नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ.

पण खरा धक्का सोमवारी बसला. शाळेतून येऊन बघते तो काय, त्रेंदाफिलाबाई खड्ड्यापाशी स्टुलावर बसलेल्या, हातात काठी, आणि समोर स्लावी मिस्त्री मान खाली घालून उभा.

"काय रे हे? या सळया आहेत की विणायच्या सुया?"

"बारा मिलिमीटरच्या आहेत, मावशी. नकाशात बाराच्याच आहेत."

"नकाशा करणाऱ्याची सावली आहे का आत? माझी आहे. मला जन्मभर हे घर धरून बसायचंय."

"जन्मभर म्हणजे..." स्लावी म्हणाला आणि काठी बघून थांबला.

ज्या अर्थी आपण आता पायातच राहणार, त्या अर्थी पाया आपल्या लायकीचा हवा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. भूकंपाचा प्रदेश, नातीच्या डोक्यावर छप्पर असणार, त्यात कसूर त्या खपवून घेणार नव्हत्या. स्लावीलाही हे सोयीचंच होतं. खड्डा वीस सेंटिमीटर आणखी खणण्यापेक्षा वीस किलो लोखंड जास्त टाकणं त्याला केव्हाही पसंत होतं. "खोली काय करायचीय, मावशी? लोखंड घालू दुप्पट. होईल!"

आणि या 'होईल'च्या आवाजावर कुंपणापलीकडून गेत्सोकाका उगवला.

गेत्सोकाकाने तरुणपणी सैन्याची नोकरी बांधकाम पलटणीत काढली होती. ज्यांच्या हातात बंदूक द्यायला सरकार कचरायचं, त्यांच्या हातात ते फावडं देई, अशी ती पलटण. तेव्हापासून देशातली निम्मी शहरं आपण उभी केली, असं त्याचं म्हणणं होतं.

"आम्ही बांधलेल्या धान्याच्या कोठाराला आजपर्यंत तडा नाही," तो म्हणाला.

"कसा जाणार?" स्लावी म्हणाला. "छप्पर कुठे घातलंत अजून?"

"लोखंड, पोरा, लोखंड! पाया म्हणजे लोखंड. काँक्रीट नुसतं ते झाकायला असतं. थांब, मी आणतो."

आणि त्याने आणलं. तिकडे प्रत्येकाच्या अंगणात एक ढीग असतो, 'लागेल कधी तरी' म्हणून ठेवलेला, आणि गेत्सोकाकाच्या ढिगाची ती 'कधी तरी' त्या दिवशी उजाडली. जुन्या मोस्कविच गाडीचा आस आला. घर तापवायच्या बिडाच्या रेडिएटरच्या तीन फण्या आल्या. द्राक्षाच्या मांडवाचे गंजके पाइप आले. सायकलची चौकट आली, तिच्या घंटीसकट. शेवटी त्रेंदाफिलाबाई म्हणाल्या, "माझ्या पलंगाची स्प्रिंगची जाळी घ्या. मला आता बिछाना कशाला?" संध्याकाळी इस्क्रा त्यांना झोपवायला गेली तेव्हा गादी जमिनीवर होती आणि पलंगाची नुसती चौकट फोटोच्या चौकटीसारखी उभी होती.

मंगळवारी यावोर आला. त्याने खड्ड्यात बघितलं. मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मोस्कविचचा आस अजूनही तिथेच होता.

"हे... हे काय आहे?"

"लोखंड," त्रेंदाफिलाबाई, स्लावी आणि गेत्सोकाका एकदम म्हणाले.

"ही सायकल आहे!"

"बळकट आहे," गेत्सोकाका म्हणाला. "रशियन."

यावोर धावत स्वयंपाकघरात आला आणि खुर्चीवर कोसळला. इस्क्राने त्याच्यापुढे पाव आणि पांढऱ्या चीजची वडी ठेवली. सगळे मागोमाग आले, त्रेंदाफिलाबाईसुद्धा, काठी टेकत. यावोरने ती वडी हातात घेतली, आणि भुकेपोटी नव्हे तर कळवळून, सुरीने तिची एक पातळ चकती कापली. चकती दोन पेल्यांवर आडवी ठेवली आणि मधोमध बोट दाबलं. बोट आरपार गेलं. चीजचा गोल तुकडा खाली पडला.

"बघा. हा खांब," त्याने बोट दाखवलं. "हे तुमचं फुटिंग. खांबावर अख्ख्या घराचा भार येतो, आणि खांब पायाला भोसकून खाली जायला बघतो. याला आम्ही शिअर म्हणतो. खालच्या सळया असतात त्या पाया वाकून फाटू नये म्हणून, कापडातल्या दोऱ्यांसारख्या. पण हे भोसकणं थांबवते ती जाडी. नुसती जाडी." त्याने जाड तुकडा कापला, पेल्यांवर ठेवला, दाबला. बोट थांबलं. "चाळीसला बोट आरपार. साठला नाही. आणि तुम्ही जे भंगार कोंबलंय ना, त्यात काँक्रीट शिरणार कुठून? आत मधमाश्यांचं पोळं होईल नुसतं. भूकंप राहू द्या, मांजर उडी मारेल तरी खचेल!"

त्रेंदाफिलाबाई खाली पडलेल्या चीजच्या गोल तुकड्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे मी आत असूनही पडलं असतं?" त्या म्हणाल्या.

"आपण कशाच्या आत?" यावोरने विचारलं.

त्याला सगळं सांगितलं. पोरगा एवढा हबकला की टेपची डबी त्याच्या हातातून सुटून टेबलाखाली गेली. त्याने पुन्हा पुन्हा माफी मागितली. आपण सावली मोजली नाही, खड्डा मोजला, असं त्याने शपथेवर सांगितलं. मग काम का थांबलं याचं कारण कचेरीच्या वहीत लिहायला घेतलं, पेन चावलं, आणि शेवटी 'हवामान' असं लिहिलं.

त्या दुपारी भंगार निघालं आणि स्लावी मिस्त्रीने उरलेले वीस सेंटिमीटर खणले. फावड्याच्या प्रत्येक घावाला तो पुतण्याचं नाव घेत होता.

इस्क्रा खिडकीशी पोरांच्या वह्या तपासत बसली होती. आतल्या खोलीतून सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता. काँक्रीट शुक्रवारी पडणार होतं. एकदा ते पडलं की मग बाईला कुणी परत आणू शकणार नव्हतं, हे तिला कळून चुकलं होतं. शास्त्र काय म्हणतं ते राहू द्या. ही बाई मनाने पायात जाऊन बसली होती आणि वरून झाकण पडायची वाट बघत होती. बाहेर फावडं वाजत होतं. ढेकळं एकामागून एक वर येत होती. आणि इस्क्राच्या हातातलं लाल पेन थांबलं.

ती धावत आत गेली.

"आई! तुमची सावली कशावर पडली होती?"

"खड्ड्यात."

"खड्ड्यात कशावर? तळावर ना? चाळीसच्या तळावर. तो तळ स्लावीने आत्ता खणून काढला! आता तिथे दुसराच तळ आहे. त्यावर तुमची सावली कधी पडलीच नाही!"

त्रेंदाफिलाबाई उठून बसल्या. हे मात्र त्यांना दिवा-वाटीपेक्षा पटल्यासारखं दिसलं. त्यांनी बोटाने चादरीवर काहीतरी मोजलं. गालावर रंग आला. इस्क्राला वाटलं, आता सूप गरम करावं. भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेने हा युक्तिवाद करावा याची तिला मनातून थोडी लाज वाटली, पण सूप गरम करताना ती लाज कुठल्या कुठे गेली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "मग ती माती कुठाय?"

माती गेत्सोकाकाकडे होती. द्राक्षाच्या मांडवाखाली त्याच्या टेबलापाशी एक खोलगट जागा होती, तिथे पाणी साचायचं. बुजवायला म्हणून त्याने ताजी माती तीन खेपांत ढकलगाडीने नेली, पायाने दाबली, वर टेबल मांडलं, आणि पहिला पेला ओतला होता.

"काका," इस्क्रा कुंपणावरून म्हणाली, "तुमच्या टेबलाखाली माझ्या सासूबाई आहेत."

गेत्सोकाकाने पेला अर्ध्यात थांबवला. समजायला त्याला वेळ लागला नाही. पलटणीत शिकलेला माणूस. त्याने दोन्ही पाय हळूच वर उचलून खुर्चीवर घेतले.

"माझ्या अंगणात? परक्या बाईची सावली?" तो कुजबुजला. "हळू बोल, बायको आत आहे! चाळीस वर्षांचा माझा संसार... घेऊन जा! आत्ताच्या आत्ता घेऊन जा!"

"मग द्या की ढकलगाडी."

"मीच आणतो. पण त्या बाईला सांग, मी मुद्दाम नेली नव्हती. माझ्या मनात काही नव्हतं."

"मनात असतं तरी काय बिघडलं असतं?" मागून खिडकीतून त्रेंदाफिलाबाईंचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यात जुनी धार होती. "चाळीस वर्षं कुंपणावरून डोकावतोयस. एकदाचं अंगणात बघायला मिळालं तर घाबरलास!"

माती परत आली. गेत्सोकाकाने ती झाडूनसुद्धा आणली, एक ढेकूळ मागे राहू नये म्हणून हात फिरवून आणली. सासूबाईंच्या खिडकीखाली आरोग्याची म्हणून लावतात ती रानजिरेनियमची रोपं होती, त्यांच्या मुळांशी ती पसरली. त्रेंदाफिलाबाई मोजे घालून बाहेर आल्या, त्या मातीवर उभ्या राहिल्या, टाच दाबून बघितली. मग आत येऊन त्यांनी सूपच्या तीन वाट्या घेतल्या. तिसऱ्या वाटीला म्हणाल्या, मीठ कमी आहे, आणि इस्क्रा चुलीकडे तोंड करून इतकी रडली की बिलियानाने तिला आपला रुमाल आणून दिला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण गेत्सोकाकाने गुरुवारी कुंपणावरून एक वाक्य टाकलं. "म्हणजे खड्डा आता उपाशी आहे," तो म्हणाला, आणि आत निघून गेला.

शुक्रवारी सकाळी गल्लीत मिक्सरची गाडी गुरगुरत येऊन उभी राहिली. ऊन लख्ख होतं. नवी जाळी खड्ड्यात नीट बसवलेली होती, खाली काँक्रीटच्या बारक्या चकत्या ठेवून जमिनीपासून उचललेली. यावोरने स्वतः बघितली होती. आता फक्त एकदा शेवटची खोली मोजायची, आणि सही.

इस्क्रा शाळेतून सुट्टी घेऊन आली तेव्हा तिला दिसलं की सगळे जण खड्ड्याच्या उत्तरेला, एकाच काठावर, खांद्याला खांदा लावून उभे आहेत. तिथे उभं राहिलं की ऊन थेट डोळ्यांत जात होतं, म्हणून प्रत्येकाचा एक हात कपाळावर होता. सावल्या मात्र मागे, वाटाण्याच्या वाफ्यावर पडत होत्या.

"इथून लेव्हल चांगली दिसते," स्लावी मिस्त्री म्हणाला.

"वारा त्या बाजूने येतोय," गेत्सोकाका म्हणाला. "माझे कान दुखतात."

"नियमाप्रमाणे..." यावोरने सुरुवात केली, पण कुठल्या नियमाप्रमाणे ते त्याला सुचलं नाही.

इस्क्राला हसू आलं. इतकी शिकली-सवरलेली माणसं! मग तिच्या लक्षात आलं की आपणही त्याच रांगेत, यावोरच्या शेजारी येऊन उभ्या आहोत. तिकडच्या काठावर गाडीचा पाइप येणार होता, म्हणून. निव्वळ त्या अडचणीपायी.

त्रेंदाफिलाबाई जर्दाळूच्या झाडाखाली गर्द सावलीत स्टुलावर बसून भाजलेल्या मिरच्या सोलत होत्या. "काय रे, सूर्यफुलांसारखे उन्हाकडे तोंड करून काय उभे आहात सगळे?" त्या ओरडल्या. "या की इकडून! नाही ना येत? मग मी तीन दिवस उपाशी राहिले ते काय उगाच?"

गाडीवाल्याने भोंगा वाजवला. यावोर पालथा झोपला, हात लांब करून टेप खड्ड्यात सोडला. टेप डुलला, जाळीला लागला, सुटला, तळाला टेकला. सगळ्यांनी श्वास रोखले.

"साठ!" यावोर ओरडला.

आणि त्याच क्षणी जुन्या घराच्या दारातून, दक्षिणेकडून, बिलियाना धावत सुटली. हातात पाव, पावावर मिरच्या-टोमॅटोची लाल चटणी, गालावरही तीच. "आई, मला पण बघू दे! आई, थांब!" ऊन तिच्या पाठीशी होतं. पोरीच्या पुढे तिची सावली धावत होती, लांबलचक, दोन वेण्या उडवत, थेट खड्ड्याच्या रोखाने.

इस्क्राने नंतर कितीही आठवून बघितलं तरी आपण खड्ड्याला वळसा कसा घातला ते तिला आठवलं नाही. ओला चिखल होता, सळयांचे तुकडे पडले होते, आणि ती शाळेचे उंच टाचांचे बूट घालून होती. सावलीचं टोक काठाला टेकायला आणि तिचा हात पोरीच्या दंडाला पडायला एकच गाठ पडली. तिने हिसडा दिला. दोघीही वाळूच्या ढिगावर कोसळल्या. पाव उडाला आणि चटणीच्या बाजूने पालथा पडला.

कुणी हसलं नाही. स्लावी मिस्त्रीने टोपी काढली. गेत्सोकाकाने पोटावर, मग कपाळावर, मग पुन्हा पोटावर क्रूस काढला. त्रेंदाफिलाबाईंची सुरी मिरचीवर थांबली होती.

मग यावोरने सही केली, गाडीवाल्याने पाइप सोडला आणि काँक्रीट धबाधब खड्ड्यात पडायला लागलं. व्हायब्रेटर घुमू लागला, राखाडी चिखल जाळीच्या घरा-घरांत शिरला, सळया दिसेनाशा झाल्या. साठ सेंटिमीटर बघता बघता भरत आले.

बिलियाना रडली नाही. आईच्या मांडीवर बसून ती केसांतली वाळू झटकत होती, आणि इस्क्रा तिचा दंड चोळत होती. दंडावर तिच्याच पाच बोटांचे वळ उठले होते.

"आई," पोरगी म्हणाली, "सावली म्हणजे काहीच नसतं, असं तू आजीला सांगितलंस ना?"

"हो, राणी."

"मग मला का ओढलंस?"